उपदेशाचे स्वातंत्र्य आणि दंडाची मर्यादा



धर्मोपदेशावर राज्याने अंकुश ठेवावा काय, हा वाद जुना आहे. ६ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत लोकनाथ मिश्र यांनी धर्मप्रचाराच्या हक्काला विरोध केला. भाषणस्वातंत्र्य मान्य केल्यावर प्रचार रोखता येणार नाही, असे कन्हैयालाल मुन्शी यांचे प्रतिपादन होते. अखेर २५ व्या अनुच्छेदात तो हक्क आला. परंतु सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहूनच. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क नव्हे.

तेव्हा श्रद्धेची परीक्षा घेणे हे पोलिसांचे काम नव्हे. हिंसेची चिथावणी रोखणे हे मात्र त्यांचे कर्तव्यच होय. पण व्यासपीठ पाहून दंड उगारला, तर ती पंथनिरपेक्षता राहत नाही. म्हणूनच २८ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, वक्त्याचा धर्म न पाहता द्वेषमूलक भाषणांवर गुन्हे नोंदविण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. ही कसोटी मौलवींना, पाद्रींना आणि महाराजांनाही सारखीच लागू आहे. स्वकीयांसाठी सवलत मागणाऱ्या समाजाला इतरांकडे न्याय मागण्याचा अधिकार उरत नाही.