गोव्याचे आंबे : कोणता कशासाठी?

गेल्या वैशाखात आमच्या घरी टोपलीभर मानकुराद आटवून मांगाड करण्याचा घाट घातला गेला. साखर भरपूर, ढवळणे मनापासून. तरी हाती आला तो नुसता गोड चिखल. दोष आंब्याचा नव्हता. मांगाड धरण्यास गोडीबरोबर आंबटपणाही लागतो, आणि पिकल्या मानकुरादात तो फारसा उरत नाही. त्या कामास मुसराद हवा.

जेझुइट पाद्र्यांनी गोव्यात कलमांची विद्या रुजविली, म्हणून यांतील कित्येक नावे पोर्तुगीज वळणाची. 'मालकोरादा' म्हणजे वाईट रंगाचा; त्याचाच मानकुराद झाला. साल डागाळलेली, पण आत रेषा नाही. २०२३ साली त्यास भौगोलिक मानांकन मिळाले. तो कापून तसाच खावा. विस्तवाजवळ नेऊ नये. फर्नांदीन हंगामाच्या शेवटी येतो, एवढेच त्याचे मोठेपण, असे माझे मत.

सासवासाठी मात्र घोटच पाहिजे. कोयीपासून उगवलेल्या झाडाचा हा लहान, रेषाळ, आंबटगोड आंबा ओले खोबरे, मोहरी व गूळ यांच्या रसात कोयीसकट पडतो आणि चोखताना सारा रस देतो. कोवळ्या कैऱ्या मिठात घालून वर दगड ठेवला की चेपणी होते. पावसाळ्यात पेजेबरोबर तिच्याइतके रुचकर दुसरे काही नाही.

घोटाला बाजारात भाव नाही, म्हणून घर बांधताना आधी तेच झाड पडते. प्रत्येक झाडाची चव निराळी. कोय रुजवून तीच चव परत येईल याचा भरवसा नसतो. कलमच बांधावे लागते, आणि कलमाची काडी झाड उभे असेपर्यंतच मिळते.