दोन होड्या
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढं गेली, तेव्हा मी आपल्या जिन्यावरूनच होडीत बसले. मांडीवर चार वर्षांचा नातू, काखेत कागदपत्रांची पिशवी. त्यानंतर पोरगं घाटाकडं फिरकलं नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला गेलो होतो. गेटवेजवळून शिडाच्या होडीतून तासाभराची फेरी मारता येते. नातू म्हणाला, "आजी, तू बसलीस तरच मी." भीती मलाही होती, पण बसले. इंजिनाची घरघर नाही, नुसता पाण्याचा आवाज. मागं गेटवे आणि ताज लहान होत गेले.

परतताना वारा समोरून. नाखवा म्हणाला, "वाऱ्याच्या थेट तोंडावर शिडाची होडी जात नाही. तिरकं जायचं, वळायचं, परत तिरकं." प्रत्येक वळणाला शीड या बाजूचं त्या बाजूला जाई आणि आम्ही डोकी खाली घालायचो. नातू खुदुखुदु हसायला लागला.

पुरानंतर आपणही असेच परतलो ना? आधी चिखल, मग वायरिंग, मग रंग. आणि तोवर वरच्या मजल्यावरच्यांच्या घरी जेवण.

आता नातूच मला संध्याकाळी घाटावर नेतो.