ऊसतोडीआधी माहूरगड

केदारनाथाचं दार भाऊबीजेला बंद होतं, बर्फ पडायच्या आत. आपल्या माहूरगडावर बर्फ कुठला! पण आमच्या गटाचा हिशेब तोच. कोजागरीनंतर सोयाबीन निघालेलं असतं, नवरात्राची गर्दी ओसरलेली असते. आणि भाऊबीज झाली की गटातल्या काही जणी टोळीबरोबर ऊसतोडीला जातात, त्या उन्हाळ्यातच परततात. म्हणून मधल्या दिवसांत आम्ही चढतो. सकाळी रेणुकामाता, मग दत्तशिखर, अनसूया. दिवस सहाच्या आत मावळतो, तेव्हा रेंगाळायचं नाही. गुडघे दुखणारीच्या चालीनं सगळ्या चालतात. घरचे म्हणतात, ‘गाडी जाते की वर!’ जाते. पण गाडीत बोलणं होत नाही. कुणी किती उचल घेतली, कुणाची लेकरं शाळेसाठी मागं राहणार, हे चढताना कळतं. ती कुणाच्या घरी जेवणार, हे उतरेपर्यंत ठरतं.