‘परेरा’ ह्या आडनांवाविषयी दोन शब्द



ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगी आपणांपैकी अनेकांच्या आडनांवाची हकीकत सांगण्याचे आम्ही योजिले आहे. पोर्तुगीज भाषेत ‘परेरा’ म्हणजे नासपतीचे झाड. त्या झाडावरून पोर्तुगालात कित्येक गांवांस व मळ्यांस नांवे पडली, आणि तेथील घराण्यांनी तीच आडनांवे धारण केली.

अशाच एका घराण्यात १३६० साली नूनो आल्वारेस परेरा जन्मले. १३८५ साली अल्जुबारोटाच्या लढाईत कॅस्टीलच्या सैन्याचा पाडाव करून ज्यांनी स्वदेशाचे स्वातंत्र्य राखिले, ते हे सेनापती. पुढे १४२३ साली सर्व वैभव त्यागून, लिस्बन शहरी स्वतःच बांधविलेल्या कार्मेलाईट मठात ते साधे बंधू होऊन राहिले व गोरगरिबांस अन्न वाटू लागले. २००९ साली पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांनी त्यांस संतपद दिले.

आपल्या वसई प्रांतावर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगिजांचा अंमल होता. त्या काळी स्नानसंस्काराच्या वेळी धर्मबापाचे किंवा धर्मगुरूचे आडनांव घेण्याची चाल असे. म्हणून ‘परेरा’ म्हणविणारा प्रत्येक जण पोर्तुगीज वंशाचा, असे समजू नये. कोणी ह्या नांवाचा गर्व वाहतो, तर कोणी ते परक्याचे म्हणून लाजतो. आमच्या मते दोन्ही व्यर्थ होत. आपले पूर्वज ह्याच मातीतले; नांव मात्र त्यांस स्नानसंस्कारात लाभले.

नांव झाडाचे आहे, तेव्हा त्यास फळ यावे, हे उचित. संत नूनोंसारखी गरिबांची सेवा आपल्या हातून घडो, हाच आमचा आशीर्वाद.