दिव्याच्या फलाटावरचं पिंप



ठाणे ते कल्याण, रेल्वेने साधारण २० किलोमीटर. समजा, एवढ्या व्यासाचा गोळा म्हणजे सोन्याचा एकच अणू. मग त्याचं केंद्रक केवढं? मधोमध, दिव्याच्या फलाटावर ठेवलेलं मीटरभर रुंदीचं पिंप, बस्स. जवळजवळ सगळं वजन त्या पिंपात. बाकीच्या टापूत ७९ इलेक्ट्रॉन. डोंबिवलीला सकाळच्या गाडीत शिरताना ही रिकामी जागा पटणं कठीण, मान्य आहे.

१८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी कॅथोड किरणांत इलेक्ट्रॉन हुडकला आणि डाल्टनपासून चालत आलेली, न फुटणारी गोटी फुटली. थॉमसन यांचा अणू बेदाणे घातलेल्या शिऱ्यासारखा. धनप्रभाराचा शिरा, इलेक्ट्रॉनचे बेदाणे.

१९०९ साल, मँचेस्टर. रुदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत हान्स गायगर आणि विशीतला विद्यार्थी अर्नेस्ट मार्सडेन अंधारात बसलेत. डोळे अंधाराला सरावेपर्यंत नुसतं बसायचं. मग सूक्ष्मदर्शकातून झिंक सल्फाइडचा पडदा न्याहाळायचा. अल्फा कण आदळला की बारीकशी चमक उठते, ती मोजायची. मोजायचं यंत्र म्हणजे डोळाच. वर्खासारख्या पातळ धातूतून कण सरळ पार व्हावेत ही अपेक्षा, आणि बहुतेक झालेही. पण रुदरफोर्ड म्हणाले होते, मागे फिरणारे आहेत का तेही बघा. मला त्या सूचनेचंच जास्त अप्रूप वाटतं. जिथं काही दिसणार नाही असं वाटतं, तिथं पडदा लावायचा! आणि चमक दिसली. धातूच्या पत्र्यावरून सुमारे ८००० कणांत एखादा उलट येत होता. शिऱ्यावर आपटून कुणी मागे येत नाही. आत काहीतरी जड, घट्ट, इवलंसं असणार. १९११ मध्ये रुदरफोर्ड यांनी केंद्रक मांडलं.

तेही चित्र अडलंच. गरगर फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत क्षणात केंद्रकावर कोसळेल, असं जुनं गणित सांगे. १९१३ मध्ये नील्स बोर यांनी त्याला ठरावीक पायऱ्या नेमून दिल्या. पायरी उतरला की तेवढाच, त्याच रंगाचा प्रकाश. हायड्रोजनला हिशेब चोख लागला, इतरांना तितकासा नाही.

या पायऱ्या तुमच्या ओट्यावरही दिसतात. वरण उतू गेलं की गॅसची निळी ज्योत पिवळी होते ना? मिठातल्या सोडियमचा, तापून वर चढलेला इलेक्ट्रॉन खाली उतरतोय. बघा जरूर, पण आधी गॅस बारीक करा.