भिंत फोडण्याआधी खडू हातात घ्या

(महिला गटाच्या शिबिरात केलेले भाषण)



आज मी पाइपांवर बोलणार आहे. हसू नका. पोटगी, मारहाण, वारसाहक्क यांवर आपण बोलतोच. पण घरामागे खोल्या वाढवायच्या ठरल्या की पाण्याची लाइन कुठून न्यायची, हे कोण ठरवतं? आमच्याकडे नवऱ्याने आणि प्लंबरने ठरवलं. मी चहा करत होते. स्वयंपाकघर मागे गेलं, गीझर जुन्या मोरीतच राहिला, आणि नव्या ओट्याला फक्त गार पाण्याचा नळ मिळाला. ‘भांड्यांना कशाला गरम पाणी?’ तेलकट कढई दोघांनीही कधी घासलेली नव्हती. मग मोरीतून ओट्यापर्यंत कढत पाण्याच्या बादल्या मीच वाहिल्या. एकदा पायावर सांडलं.

दोन वर्षांनी भिंत पुन्हा फोडून गरम लाइन ओढली. तीस फूट! पाऊण इंची लोखंडी पाइपात मीटरला साधारण एक तृतीयांश लिटर पाणी मावतं. म्हणजे नळ सोडला की आधी तीन लिटर गार पाणी येणार, तेही दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात. मी ते बादलीत धरायचे. काम कमी झालं की वाढलं, तुम्हीच सांगा.

म्हणून मोरी आणि ओटा शक्यतो एकाच भिंतीच्या दोन बाजूंना घ्या, गीझर त्याच भिंतीवर. लाइन आखूड होते, पाणी आणि वीज दोन्ही वाचतात. गरम पाण्याला साधा पीव्हीसी पाइप चालत नाही, तो मऊ पडतो, सीपीव्हीसी मागा. पुढेमागे सोलर बसवायचा विचार असेल तर गच्चीपर्यंतचे पाइप आत्ताच घालून ठेवा. सोलरला गार पाणी देणारी टाकी त्याच्या टाकीपेक्षा उंच लागते, हेही गवंड्याला आधीच सांगा.

आता कॉक. मोरीला वेगळा, ओट्याला वेगळा, गीझरला वेगळा, आणि सगळे आपला हात पोचेल अशा उंचीवर. आमचा मुख्य कॉक माळ्याजवळ होता. भरदुपारी पाइप फुटला तेव्हा घरात मी आणि सासूबाई. स्टुलावर स्टूल ठेवून चढले. गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब गळतात म्हणून कुणी त्याला बूच मारत असेल तर मारू देऊ नका. आतला दाब निघायची ती वाट आहे. ती बंद झाली तर टाकी फुटू शकते. गळकं पाणी नळीने खाली मोरीत सोडा. अर्थिंग तर हवंच.

गिलाव्याआधी सगळ्या लाइनी भरून, दाब देऊन तपासायला लावा. झाकलेली गळती शोधायची म्हणजे पुन्हा छिन्नी-हातोडा, पुन्हा खर्च, आणि धूळ पुसायला आपणच. पाइप उघडे असतानाच कोपऱ्यापासूनची मापं टिपून कागद घराच्या कागदपत्रांत ठेवा. नाहीतर पुढे खिळा ठोकताना पाइपातच जातो.

आणि या सगळ्याच्या आधी, प्लंबर यायच्या आदल्या दिवशी, खडू घेऊन भिंतीपुढे उभ्या राहा. बसून कपडे धुवायचे तर नळ कुठे हवा, बादली खाली मावते का, सासूबाईंना वाकावं लागतं का, सगळं करून बघा आणि फुल्या मारा. ‘बाईंना काय कळतं’ असं म्हणणाऱ्या प्लंबरलाही फुलीवर छिन्नी लावणं सोपं जातं, हा माझा अनुभव.

चला, फळ्यावर एकीचं घर काढू. यंदा खोली वाढवणाऱ्या कोण कोण आहेत?