साठी, बुद्धि आणि झोंप



‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण आपण वडीलधाऱ्या माणसांविषयीं फार सहजपणें वापरतों. आजोबा डोळ्यांवरचा चष्मा घरभर शोधूं लागले, किंवा आजीनें आमटींत दोनदां मीठ घातलें, कीं कोणीतरी हंसून ही म्हण उच्चारतो आणि विषय तेथेंच संपतो. परंतु वयाच्या माथीं मारलेला हा दोष प्रत्येक वेळीं वयाचाच असतो काय? कांहीं घरांत त्याचें मूळ रात्रीच्या झोंपेंत असतें. त्याविषयींच आज बोलावयाचें आहे.

वयोमानानें बुद्धीवर परिणाम होतो हें खरें. पण तो सर्व शक्तींवर सारखा होत नाहीं. विचाराचा वेग मंदावतो, एकाच वेळीं दोन कामांकडे अवधान ठेवणें जड जातें. उलट शब्दसंग्रह आणि अनुभवानें मिळालेलें ज्ञान उतारवयांतहि बहुधा टिकून राहतें. झोंपेंतहि फरक पडतो. गाढ निद्रेचा भाग कमी होतो आणि जाग वारंवार येते. येथपर्यंत निसर्गक्रम आहे. आतां रोगाकडे वळूं.

झोंप लागली कीं शरीराचे स्नायु सैल पडतात, घशाचेहि पडतात. ज्यांचा घसा मुळांतच अरुंद आहे, मानेभोंवतीं मेद सांठला आहे, अथवा वयामुळें ज्यांचे स्नायु शिथिल झाले आहेत, त्यांचा श्वासमार्ग अशा वेळीं आकसतो. अरुंद मार्गाच्या भिंती थरथरूं लागतात, तेंच घोरणें. मार्ग अजीबात मिटला कीं घोरणें एकदम थांबतें. छाती वरखालीं होत राहते, पण हवा आंत जात नाहीं. रक्तांतील प्राणवायु घटतो, मेंदु क्षणभर जागा होतो आणि मोठा आचका देऊन श्वास पुन्हां सुरू होतो. झोंपलेल्या माणसाला सकाळीं यांतलें कांहीं आठवत नाहीं. डॉक्टर यास ‘स्लीप ॲप्निया’ म्हणतात. आपण निद्रेंतील श्वासरोध म्हणूं. श्वास किमान १० सेकंद थांबण्याचे वा फार मंदावण्याचे प्रसंग तासाला ३० किंवा अधिक आले, तर रोग तीव्र समजतात. म्हणजे सात तासांच्या झोंपेंत निदान २१० प्रसंग!

चार्ल्स डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’ या १८३६-३७ मधील कादंबरींत जो नांवाचा एक लठ्ठ पोऱ्या आहे. काम करतां करतां तो झोंपीं जातो आणि घोरूं लागतो. १९५६ सालीं अमेरिकेंतील कांहीं डॉक्टरांनीं एका स्थूल, झोंपाळू व्यावसायिकाची हकीकत प्रसिद्ध केली आणि त्याच्या विकाराला याच कादंबरीवरून नांव दिलें. या गृहस्थास पत्त्यांच्या डावांत तीन एक्के व दोन राजे अशीं उत्तम पानें आलीं होतीं. पण ऐन वेळीं डोळा लागल्यामुळें त्यांचा त्यास कांहींच उपयोग करतां आला नाहीं. झोंपेंत श्वास वारंवार थांबतो ही गोष्ट मात्र फ्रान्स व जर्मनी येथील संशोधकांनीं १९६५ सालीं उजेडांत आणली.

त्या गृहस्थास खेळ येत नव्हता असें नाहीं, किंवा तो नियम विसरला होता असेंहि नाहीं. त्याचें अवधान सुटलें होतें. तुटक झोंपेचा पहिला आघात होतो तो या अवधानावर. आपण ज्यास विस्मरण म्हणतों तें पुष्कळदां विस्मरण नसतेंच. जें मनांत शिरलेंच नाहीं तें आठवणार कोठून? सुनेनें सांगितलेला निरोप सासऱ्यांच्या कानावर पडतो, पण मन तेवढा वेळ जागें नसतें. संध्याकाळीं मात्र दोष दिला जातो तो स्मरणशक्तीला.

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाहीं. २०११ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, आरंभीं बुद्धि शाबूत असलेल्या २९८ वृद्ध स्त्रियांची पाहणी केली होती. सुमारें पांच वर्षांनीं, श्वासरोध असलेल्यांपैकीं जवळजवळ ४५ टक्के स्त्रियांत बुद्धिमांद्याचीं कमीअधिक लक्षणें आढळलीं. इतर स्त्रियांत तें प्रमाण ३१ टक्के होतें. एवढ्यावरून श्वासरोध हेंच कारण, असें सिद्ध होत नाहीं. उपायानें दिवसाची झोंपाळू अवस्था कमी होते हें निश्चित. गेलेली स्मृति परत येईलच, असें मात्र कोणीं आश्वासन देऊं नये. म्हणूनच विलंब न करणें महत्त्वाचें.

१९८१ सालीं सिडनी येथील कॉलिन सुलिव्हन यांनीं एक साधी पण प्रभावी युक्ति मांडली. नाकावर बसविलेल्या मुखवट्यांतून हवेचा हलका दाब सतत देऊन घसा उघडा ठेवावयाचा. तेंच यंत्र आज जगभर वापरलें जातें. वजन घटविणें व कुशीवर झोंपणें यांचाहि कित्येकांना उपयोग होतो. मद्य घशाचे स्नायु आणखी सैल करतें. झोंपेच्या कांहीं गोळ्यांचाहि तसाच परिणाम होतो. म्हणून त्या आपल्या मनानें घेऊं नयेत.

मात्र रोग ओळखण्याचें पहिलें काम डॉक्टरांचें नसून घरच्या माणसांचें आहे. कारण रोग्याला आपली रात्र दिसत नाहीं. घोरणें म्हणजे गाढ झोंप, ही समजूत सोडून द्यावी. घोरतां घोरतां श्वास थांबतो काय, लघवीसाठीं वारंवार उठावें लागतें काय, सकाळीं डोकें जड असतें काय, वर्तमानपत्र हातांत असतांनाच डुलकी येते काय, हें पाहावें आणि डॉक्टरांस सांगावें. वृद्ध माणूस कृश असला तरी हा रोग नसेलच असें नाहीं. आणि ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांतहि त्याचें प्रमाण वाढतें. विस्मरणास थायरॉइडचा विकार किंवा ‘बी-१२’ जीवनसत्त्वाची उणीव अशींहि कारणें असूं शकतात. तीं डॉक्टर तपासतीलच.

तेव्हां घरांतील वडील माणसांना यापुढें ती म्हण ऐकविण्यापूर्वीं, एक रात्र त्यांच्या उशाशीं बसून त्यांचा श्वास ऐकावा, एवढीच विनंति.